मागच्या दाराची ओळख

गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि ओळख दाखवील असाही नव्हता. त्याचा धंदाच तसा होता. तो कवळ्या बनवायचा. पस्तीस वर्षांत त्याने निम्म्या गावाच्या तोंडात हात घातला होता, आणि त्यातला एकजण रस्त्यात त्याला 'काय, कसं काय?' म्हणेल तर शपथ. लोक त्याला कवळीवाला म्हणत, तेही तो ऐकायला नसताना.

दाताच्या डॉक्टरांचं तसं नसतं. डॉक्टरांकडे माणूस गाल धरून उघडउघड जातो, बाकावर बसतो, शेजारच्याला दाढेची कहाणी सांगतो. दात दुखतोय हे सांगायची कोणाला लाज नाही. दात नाहीत, हे मात्र लोक पोटच्या पोरांपासूनही लपवतात. डॉक्टर दात काढायचे आणि हळूच एक चिठ्ठी द्यायचे. ती चिठ्ठी घेऊन माणूस कवळीवाल्याच्या दुकानी यायचा. दुकानाला दोन दारं होती. पुढचं मोठ्या रस्त्यावर, वर पाटी, दाराला घंटा. मागचं गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. पस्तीस वर्षांत पुढची घंटा वाजली ती पत्ता विचारणाऱ्यांनी वाजवली. मागच्या दाराचा उंबरठा मात्र झिजून मधोमध खोलगट झाला होता.

ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला त्या म्हाताऱ्या कारागिराने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "प्लॅस्टर कालवायला कोणीही शिकेल. आधी हे शीक. गिऱ्हाईक बाहेर दिसलं की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. चपलेकडे बघायचं." तेव्हापासून तो रस्त्याने खाली मान घालून चालायचा. परक्यांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस भला आहे. पण भल्या माणसाशी बोलायचं काय, आणि कोणी बघितलं तर? म्हणून दोघेही त्याला टाळत.

बायको होती तोवर त्याचं काही अडलं नाही. ती दोघांचं मिळून एकटी बोलायची. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, आणि सहा वर्षांपूर्वी बायको गेली. मग घरात बोलायला राहिलं ते घड्याळ. मुलगी रविवारी फोन करून विचारायची, "बाबा, जेवलात का? कोणाशी बोलता की नाही?" तो म्हणायचा, "दिवसभर तोंडंच तर बघत असतो." ती हसायची. तिला वाटायचं बाबा मजेत आहेत.

एक माणूस मात्र होता. शाळेपासूनचा मित्र. तो बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचा, आणि घोषणा संपल्यावरही त्याचं तोंड बंद होत नसे, म्हणून सगळं गाव त्याला रेडिओ म्हणायचं. आवाज असा की 'गाडी रद्द झाली आहे' हेसुद्धा ऐकावंसं वाटे. निवृत्त झाल्यावर तो लोकांच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करायला लागला. कवळीवाल्याला रस्त्यात मोठ्याने हाक मारणारा गावात तो एकटाच. कारण उघड होतं. त्याचे दात त्याचे स्वतःचे होते.

तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या मागे, शिवणयंत्रांचं जुनं दुकान होतं त्या जागेत, एक बाई बिअर बनवायला लागली. बनवायची तिथेच आणि पाजायचीही तिथेच. ती आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. वीस वर्षं पोरांना परीक्षानळ्या फोडताना बघून कंटाळले, असं ती सांगे. मागच्या खोलीत स्टीलच्या दोन मोठ्या टाक्या, मध्ये काच, अलीकडे सहा टेबलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून लिलावात घेतलेला लांबलचक ओटा. ओट्यावर अजून पोरांनी कर्कटकाने कोरलेली बदामं होती. फळ्यावर खडूने त्या आठवड्याची बिअर लिहिलेली असायची: काळी, गव्हाची, कडू. बुधवारी ती धान्य उकळायची तेव्हा चार गल्ल्यांत भाजलेल्या पावासारखा वास सुटायचा. चारला उघडायचं, नऊला बंद. पिऊन बरळणाऱ्याला ती वर्गाबाहेर काढावं तशी बाहेर काढायची, तेही बोट दाखवून.

दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला हे दोघे तिथे जात. काचेजवळचं दोन खुर्च्यांचं टेबल त्यांचं. रेडिओ दोन मग घ्यायचा आणि बोलायचा. कवळीवाला एक मग घ्यायचा आणि ऐकायचा. पिणं हे निमित्त होतं. त्या दोन तासांत कवळीवाल्याला खाली बघावं लागत नसे. समोर आपल्या मित्राचं तोंड, त्यातले एकावर एक चढलेले पुढचे दोन दात, आणि ते बिनधास्त बघायची मुभा. आठवड्यातून दोन तास. सहा दिवस तो त्यावर काढायचा.

मग रेडिओच्या हिरड्या सुजल्या. वर्षभर त्याने अंगावर काढलं, आणि एके दिवशी डॉक्टरांनी सगळेच दात काढायला सांगितलं. त्या रात्री तो मागच्या दाराने आला. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या दाराने.

"अरे, आवाजावर जगतो मी," तो म्हणाला. "आणि आता कुठे..." पुढचं कवळीवाल्याला माहीत होतं. गावातल्या वाचनालयातली बाई, नवरा वारलेली, हसरी, आताशा रेडिओच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसायला लागली होती. "कोणाला कळता कामा नये. तुझ्या मुलीलासुद्धा नाही."

"मला सांगतोस हे?" कवळीवाला म्हणाला.

रेडिओ बहिणीकडे जातो म्हणून सांगून दीड महिना गावाबाहेर राहिला. तेवढ्यात कवळीवाल्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. शाळेचा जुना फोटो भिंगाखाली धरून त्याने ते पुढचे दोन दात अगदी तसेच एकावर एक चढवले. चहाचा पिवळटपणा दिला. एका दाताचा कोपरा बारीक उडालेला होता, तो तसाच उडवला. रेडिओ होता तिथे जाऊन मेणाची कवळी चार वेळा त्याला घालून पाहिली, 'स' आणि 'च' तपासले. पाचव्या वेळी रेडिओने आरशात पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा तर मीच आहे रे," तो म्हणाला.

रेडिओ गावात परतला त्या शुक्रवारी कवळीवाल्याने आधीच जाऊन तीन मग सांगून ठेवले होते, दोन त्याचे आणि एक आपला. रेडिओ दारातून आत आला, खळखळून हसला, सगळ्यांनी आरडाओरडा केला, 'आले, आले!' कोणाला काडीचाही संशय नाही. वाचनालयाच्या बाई लांब टेबलावर बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा केली. रेडिओने काचेकडे पाहिलं. हात अर्धा वर केला. आणि जाऊन लांब टेबलावर बसला.

कवळीवाला तास दीड तास तिन्ही मगांसमोर बसला. शेवटी तिन्ही तोच प्यायला, आणि घरी जाऊन आजारी पडला.

पुढच्या आठवड्यात गल्लीत गाठ पडली तेव्हा रेडिओनेच विषय काढला. "रागावू नकोस. तुझ्याशेजारी बसलो ना, की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. इतके दिवस बघत नव्हते. आता मलाच वाटतं, बघताहेत. चार महिने जाऊ देत. मग बसू."

चार महिन्यांचे सात झाले. बायको असती तर म्हणाली असती, गरज सरो, वैद्य मरो. पण कवळीवाल्याच्या मनात तसं येत नव्हतं. रेडिओ खोटा नव्हता, घाबरट होता. त्याला वाटायचं, कुठल्यातरी शुक्रवारी रेडिओची भीती जाईल, आणि तो उठून काचेपाशी येईल, आणि म्हणेल, 'सरक रे.' बस, एवढंच. म्हणून तो दर शुक्रवारी साडेपाचला येऊन बसायचा, समोरची खुर्ची जरा बाहेर ओढून ठेवायचा, आणि एक मग दोन तास पुरवायचा. मास्तरीण कधी खुर्ची मागायला आली की म्हणायचा, "राहू द्या. येईल कोणी."

तिथून त्याला रेडिओ बाजूने दिसायचा. गेले चारपाच महिने त्याच्या लक्षात येत होतं की रेडिओ फक्त उजवीकडून चावतो. खारे दाणे तोंडात टाकले की जिभेने उजवीकडे ढकलतो. हसताना हसू मध्येच आखडतं घेतो. डावीकडे खाली, गालाच्या आत, कवळीची कड टोचत होती. हिरड्या आटतात, कवळी बसते, कड रुतते; हे शंभरातल्या नव्वदांचं होतं. कानसेचे दोन हात मारले की काम झालं. दोन मिनिटांचं काम, आणि हा माणूस महिनोन् महिने तोंडात काटा घेऊन फिरतोय, कारण मागच्या दाराशी कोणी बघेल! कवळीवाल्याच्या हाताला अक्षरशः कंड सुटायची. पण तिथे जाऊन सांगणार काय?

एका शुक्रवारी मास्तरणीने नवी काळी बिअर उघडली होती, म्हणून गर्दी होती. रेडिओ रंगात होता. बसस्थानकावर एकदा चुकून दोन गाड्यांची अदलाबदल कशी झाली आणि एक वरात सांत्वनाला कशी पोचली, ते सांगत होता. ऐन रंगात तो थांबला. टेबलावरच्यांना वाटलं, नाटकी थांबा आहे. कवळीवाल्याने मग खाली ठेवला. त्याला त्या चेहऱ्यावरची कळ दिसली होती.

रेडिओने शिंक आल्यासारखा कागदी रुमाल तोंडावर धरला, मान वळवली, आणि मान परत आली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. कागद चुरगळून त्याने आपल्या मगाशेजारी ठेवला.

त्या कागदात काय आहे ते कवळीवाल्याला कळलं. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला डबी द्यायचा आणि तीनतीनदा बजावायचा: काढलीत तर डबीत ठेवा, कागदात गुंडाळू नका, कागद म्हणजे कचरा, कोणीतरी उचलणारच. आजवर हॉटेलांच्या कचऱ्यातून त्याच्या सतरा कवळ्या गेल्या होत्या. रेडिओला तर चारदा सांगितलं होतं. पण डबी खिशात बाळगणार कोण? डबी कोणी पाहिली तर?

आणि उचललाच. मास्तरीण भरभर टेबलं आवरत होती. टरफलं, कागद सगळं रिकाम्या मगांत कोंबून, तीन टेबलांचे नऊ मग एका फेरीत घेऊन ती मोरीकडे गेली. रेडिओ वाचनालयाच्या बाईंकडे मान डोलवत होता. वळून पाहीपर्यंत जागा रिकामी. त्याचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडून 'अहो थांबा' म्हणावं, तर तोंडच उघडता येईना. कवळीवाला अर्धवट उठला होता. ओरडावं तर मित्राला उघडं पाडल्यासारखं, आणि न ओरडावं तर...

मोरीत काहीतरी खणकन वाजलं.

मास्तरीण घाबरणारी नव्हती. तिने प्रयोगशाळेतला लांब चिमटा घेतला, मगातून ती वस्तू उचलली, उजेडात धरली आणि ओट्यापाशी येऊन वर्गात विचारावं तसं विचारलं, "ही कोणाची?"

खालची कवळी होती. गुलाबी, ओली, वर काळ्या बिअरचा फेस.

कवळीवाल्याची नजर सवयीने फिरली. तिथे त्याची अकरा गिऱ्हाइकं बसली होती. अकरा हात तोंडाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. अकरा तोंडं मिटली. आणि मग हळूहळू सगळ्या माना काचेजवळच्या टेबलाकडे वळल्या. गावात कवळी सापडली तर दुसरं कोणाकडे बघणार?

"अहो, तुम्ही सांगा ना, कोणाची असेल?" वाचनालयाच्या बाई हसत रेडिओला म्हणाल्या. असल्या वेळी तो काहीतरी फर्मास बोलणार याची सगळ्यांना खात्री. रेडिओने मान हलवली. बाईंचं हसू जरा कमी झालं. "का हो? आज गप्प गप्प?"

कवळीवाल्याने रेडिओकडे पाहिलं नाही, चपलेकडेही पाहिलं नाही. तो उभा राहिला.

"माझी," तो म्हणाला. "म्हणजे दुकानाची. नमुना आहे. खिशात होता. रुमाल काढताना पडला असेल."

"मगात?" मास्तरणीने विचारलं.

"मगात."

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा! कोणी म्हणालं, मी आत्ता त्याच मगातून प्यायलो की काय. कोणी आपला मग लांब ढकलला. कोपऱ्यातल्या सुताराने थुंकायचं नाटक केलं, आणि त्याचे वरचे सगळे दात कवळीवाल्यानेच बसवलेले होते. कोणीतरी ओरडलं, "बिअरला दात आले रे!" आणि सगळा बार पोट धरून हसायला लागला.

मास्तरीण हसली नाही. चिमटा पुढे करून म्हणाली, "ही खायची-प्यायची जागा आहे हो. असलं काही आणत जाऊ नका."

"चुकलं माझं," तो म्हणाला. कवळी रुमालात घेतली आणि अर्धा मग तसाच ठेवून बाहेर पडला. हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. एकच आवाज त्यात नव्हता, आणि तेवढ्याने त्याला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी आठला मागचं दार वाजलं. रेडिओ तोंडाभोवती मफलर गुंडाळून उभा होता. आत आला, मफलर काढला, वरची कवळीही काढून टेबलावर ठेवली, आणि खुर्चीत बसला. दातांशिवाय तो त्यांच्या शाळेतल्या म्हाताऱ्या शिपायासारखा दिसत होता.

"तू नसतास ना," तो म्हणाला, आणि त्याच्या प्रत्येक शब्दातून वारा जात होता, "तर मी गाव सोडलं असतं."

"तोंड उघड."

डाव्या गालाच्या आत मसुराएवढी जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या, जुनी. कवळीवाला सहसा चिडत नसे. आता चिडला. "किती दिवस आहे हे?"

"चार महिने. पाच असतील."

"पाच महिने! अरे मूर्खा, दार काय बंद होतं का माझं? पहाटे ये, अंधारात ये, बुरखा घालून ये. दोन मिनिटांचं काम! पाच महिने मी तिथे बसून तुझं तोंड बघतोय, आणि तू..." त्याने खालची कवळी समोर धरली. "डबी दिली होती ना मी?"

रेडिओ मान खाली घालून ऐकत राहिला. "दिली होतीस," तो म्हणाला. "कपाटात आहे."

कवळीवाल्याने चहा टाकला. जखमेवर जांभळी पेन्सिल फिरवली, कवळी बसवली, काढली. जांभळा डाग नेमका कुठे उमटला ते पाहिलं. मग कानस घेतली. दोन मिनिटांचं काम होतं. त्याने एक तास लावला.

त्या तासात रेडिओ बोलला. चहात पाव बुडवून खात, बिनदातांचा, फसफसत, पण पहिल्यासारखा. वरातीची गोष्ट पूर्ण केली. वाचनालयाच्या बाईंना कसं विचारावं ते विचारलं. "वहिनी असत्या तर त्यांनीच जुळवून दिलं असतं," तो म्हणाला. "पहिल्या शुक्रवारी निघताना त्या काय म्हणाल्या असत्या आपल्याला?" आणि मग वहिनींच्या आवाजात म्हणून दाखवलं, "जा, पण येताना आपल्या पायांनी या." ते वाक्य वहिनींनी कधी म्हटलंच नव्हतं, बार निघण्याआधीच त्या गेल्या होत्या. पण त्या अगदी अशाच म्हणाल्या असत्या. कवळीवाला इतका हसला की त्याला कानस खाली ठेवावी लागली. सहा वर्षांत त्या खोलीत कोणी इतकं हसलं नव्हतं.

काम संपत आलं होतं. कड गुळगुळीत झाली होती. राहिली होती डावीकडची दाढ, किंचित उंच. चावण्याचा निळा कागद दाताखाली धरला की तिथे गडद ठिपका उमटायचा. तिच्यामुळेच कवळी हलत होती, आणि हलत होती म्हणून टोचत होती. कवळीवाल्याने दाढ अंगठ्याखाली चाचपली, आणि त्याच्या मनात एक विचार आला. ही आज अशीच ठेवली तर कोणाला कळणार नाही. आज बरं वाटेल. महिन्याने पुन्हा टोचेल. पुन्हा मफलर, पुन्हा चहा, पुन्हा एक तास. केसाच्या जाडीचा प्रश्न होता. त्याला त्या विचाराची लाज वाटली, पण विचार काही जाईना. तो बराच वेळ कवळी हातात धरून बसला.

"काय झालं?" रेडिओने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने दाढ घासली. निळा कागद धरला, पाहिलं, पुन्हा घासली. सगळे ठिपके सारखे उमटेपर्यंत घासली. मग चाकावर धरून चकचकीत केली, धुतली आणि मित्राच्या हातात दिली. पस्तीस वर्षं ज्या हाताने खोटं काम केलं नव्हतं, तो हात आज मालकाचं ऐकायला तयार नव्हता.

रेडिओने दोन्ही कवळ्या बसवल्या. चाचपून चावलं. डोळे मोठे केले. मग खुर्चीत ताठ बसून त्याने आपला जुना आवाज लावला, "सहा वाजून सदतीस मिनिटांनी सुटणारी जलद गाडी फलाट क्रमांक सातवर सज्ज आहे. प्रवाशांनी सामान सांभाळावं." एकही 'स' घसरला नाही.

"टोचतंय?"

"नावालासुद्धा नाही. अरे, जादूगार आहेस तू!"

तो मफलर गुंडाळायला लागला, तशी कवळीवाल्याला घाई झाली. इतके महिने जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "शुक्रवारी बसशील ना इकडे? काचेजवळ?"

"बसतो की! म्हणजे काय! आता तर बसायलाच हवं," रेडिओ म्हणाला. त्याने दार किलकिलं केलं, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, आणि गेला.

तो आठवडा कवळीवाल्याचा हवेत गेला. रविवारी मुलीला म्हणाला, "शुक्रवारी मित्र येणार आहे." ती म्हणाली, "अहो बाबा, ते तर दर शुक्रवारी येतात ना?" सात महिन्यांत त्याने तिला काही सांगितलंच नव्हतं. "हो, येतोच," तो म्हणाला.

शुक्रवारी तो पाचलाच जाऊन बसला. शेजारच्या टेबलावरच्यांनी आपापले मग जवळ ओढून घेतले. कोणी म्हणालं, "खिसे तपासा रे त्याचे." त्याचं त्याला काही वाटलं नाही. साडेपाचला रेडिओ आला. वाचनालयाच्या बाई बरोबर होत्या. त्याने काचेकडे पाहिलं, ओळखीचं हसला, हात वर केला, आणि खरंच दोन पावलं तिकडे टाकली.

"रेडिओ, अहो इकडे!" लांब टेबलावरून चौघे एकदम ओरडले. "गेल्या शुक्रवारचं तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय! त्या दिवशी तुमची दातखीळ बसली होती काय?"

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या. रेडिओची पावलं थांबली. मग तो वळला, लांब टेबलाच्या टोकाशी उभा राहिला, घसा खाकरला. खाली मान घालून, खांदे पाडून, कवळीवाल्याच्या हुबेहूब आवाजात तो म्हणाला, "माझी. म्हणजे... दुकानाची."

बार कोसळला. लोकांनी टेबलं बडवली. मग त्याने मास्तरणीचा चिमटा केला, सुताराचं थुंकणं केलं, फेसातून वर येणारी कवळी केली, आणि लोक 'पुन्हा, पुन्हा' म्हणत राहिले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून हसून. एकदा त्याची नजर काचेकडे गेली आणि पटकन परत फिरली.

कवळीवाल्याला लागलं. इतकं लागलं की त्याला मगाची कडी घट्ट धरून ठेवावी लागली.

मास्तरीण फडका घेऊन त्याच्या टेबलापाशी आली. टेबल स्वच्छच होतं, तरी पुसत राहिली. हळू आवाजात म्हणाली, "तो मग मी कोणत्या टेबलावरून उचलला होता, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी डोक्यात आलं नाही. घरी गेल्यावर आलं."

"मग आता विसरून जा."

"तुम्हाला राग नाही येत?"

तिला पुसता यावं म्हणून त्याने मग उचलून धरला. ती म्हणाली, "जाऊ द्या. हसतील त्यांचे दात दिसतील."

"दिसू देत," तो म्हणाला. "बरेचसे माझेच आहेत."

मास्तरणीला हसू आलं. ती समोरच्या खुर्चीत टेकते की काय असं क्षणभर वाटलं, पण ओट्यावरून कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

लांब टेबलावर रेडिओने मूठभर दाणे तोंडात टाकले. कवळीवाला बघत राहिला. उजवीकडे चावले, मग डावीकडे, मग दोन्हीकडे, बोलता बोलता, हसता हसता. कवळी केसभरही हलली नाही. आता दहा वर्षं तरी तिला हात लावायची गरज पडणार नव्हती. इतकं चांगलं काम आपण करायला नको होतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.